कोपरा कापलेली कार्डं

हसायचं असेल त्यानं शेवटी हसावं, मधे नाही. मधे कोणी हसलं की मी चहा तसाच टाकून उठतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा गाढवपणा मी आजवर सरूखेरीज कोणाला सांगितलेला नाही. सरू म्हणजे माझी बायको. तिला सांगावाच लागला, कारण ती त्या भानगडीत विधवा झाली होती. मी जिवंत असताना.

आता बसा नीट.

मी शिकलो मराठी चौथी, तीही अर्धी. इंग्रजी आकडे तेवढे वाचता येतात, कारण त्याआधी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायला होतो. एवढ्या विद्येवर मी विमा कंपनीत शिपाई लागलो. कंपनी म्हणजे काय? इथंच बऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात एका कापडवाल्याच्या दुकानावर एक खोली. मॅनेजर वामनराव. कारकूनही वामनराव. आणि मी.

पण काम कसं चालायचं म्हणता? विमेदार जेमतेम तीनशे. प्रत्येकाला नंबर, आणि प्रत्येक नंबराचं तोंड मला पाठ. नंबर नऊ खोकतो कसा, नंबर तीसच्या सुनेचं माहेर कुठलं, सगळं. कोणी गेला तर आम्ही कागद मागत नव्हतो. वामनराव विचारायचे, "नारायण, गेला का रे खरंच?" मी म्हणायचो, "मीच खांदा देऊन आलो." झाली चौकशी. विधवेला दारात जाऊन हातात पैसे देऊन यायचो आणि तिनं दिलेलं पाणी पिऊन यायचो. आजच्या हापिसांत बघा. माणूस मेला हे सांगायला मेलेल्यालाच रांगेत उभं करतील.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावर आहे. आपल्याकडे मरणाचं पत्र कसं येतं? पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असतो. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लांबून पोस्टमनच्या हातात तसलं कार्ड दिसलं की ती चुलीपासून उठते. आमच्या वामनरावांनी तीच रीत हापिसात ठेवली होती. विमेदार गेला की ते कपाटातून त्याचं कार्ड काढायचे आणि तोंड फिरवून माझ्यापुढं धरायचे. वरचा कोपरा मी फाडायचा. अंगठा, शेजारचं बोट, एक हिसका. मग कार्ड लाल फडक्यात बांधायचं आणि दोघांनी हात धुवायचे. बारा वर्षं हे केलं. माझ्या अंगठ्याला तुमच्यापेक्षा जास्त माणसं ठाऊक आहेत.

दुसरी गोष्ट. एकदा खंडव्याहून एका बड्या कंपनीचा एजंट येऊन आमच्या खोलीत पाय पसरून गेला. तो गेल्यावर वामनरावांनी त्याची खुर्ची परत जागेवर सरकवली. मग म्हणाले, "या मोठ्या कंपन्यांकडे तक्ता असतो नारायण. हजार माणसांतली यंदा किती जाणार, हे त्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असतं. कोण जाणार, तेवढं फक्त कळत नाही."

मी विचारलं, आपल्याकडे आहे का असला तक्ता?

"आपल्याकडे तू आहेस," ते म्हणाले.

मग आला तो विलीनीकरणाचा काळ. सरकारनं देशातल्या लहानमोठ्या सगळ्या विमा कंपन्या एकाच पोटात घातल्या. त्याच सुमाराला आमचं बऱ्हाणपूरही नागपूरकडून सोडवून भोपाळकडे बांधलं. दोन्ही बाबतींत आम्हाला कोणी विचारलं नाही. वामनराव पुण्याला मुलाकडे निघून गेले. खोलीला कुलूप लागलं. मला उचलून सिंधीपुऱ्याकडच्या नव्या हापिसात नेऊन ठेवलं. लांबलचक हॉल, डोक्यावर पंखे, ओळीनं टेबलं, आणि माणसं अशी की शेजारच्याचं नाव चिठ्ठीवर लिहून विचारतील. साहेब सक्सेना म्हणून. तरणा, गोरा, मान कायम खाली. मी तिथं होतो त्या वर्षभरात त्यानं माझं तोंड एकदाच पाहिलं असेल. त्याला माझी चप्पल मात्र पाठ असावी.

जुन्या लहान कंपन्यांतून आलेल्यांना तिथं सगळे अडाणी समजत. म्हणून मी ठरवलं, मेलो तरी कोणाला काही विचारायचं नाही. बघा, तोंडातून निघालं तेच झालं.

एक दिवस टळटळीत दुपारी पार्सल आलं. साहेबानं त्यातून एक गठ्ठा काढून माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, "नारायण, ये आपकी पुरानी कंपनी के कुछ लोग हैं. घर-घर जाके देख आओ, पता बराबर है कि नहीं."

मी वरचं कार्ड हातात घेतलं. अंगठा आपला सवयीनं वरच्या कोपऱ्यावर गेला.

कोपरा नव्हता.

दुसरं कार्ड पाहिलं. तिसरं. गठ्ठा उभा धरला. साठच्या साठ कार्डांचा एकच कोपरा गेलेला. फाडलेला नव्हे हं, तिरपा, सफाईनं कापलेला. मोठी कंपनी ना. आम्ही हातानं फाडायचो, त्यांच्याकडे त्यालाही कात्री.

आणि ते कार्ड तरी कसं? पोस्टकार्डापेक्षा लांबट, कडक, आणि सगळ्या अंगाला बारीक चौकोनी भोकं. कसरीनं खाल्ल्यासारखी नव्हेत, कोणीतरी मोजून पाडलेली. उजेडात धरलं तर माझ्या तळहातावर त्या भोकांचे उजेडाचे ठिपके पडले. हात झटकला तरी क्षणभर ते तिथंच आहेत असं वाटलं. वरती इंग्रजीत काहीबाही छापलेलं, आणि कडेला आमचा जुना नंबर. तो मात्र मला वाचता आला. पहिला सतरा. सतरा म्हणजे काशिनाथ मास्तर.

मी ठरवलेलं मोडून विचारलं, "साहेब, हे सगळे?"

मान वर न करता तो म्हणाला, "हाँ हाँ, सब."

कार्डं कुणी केली विचारलं तर म्हणाला, मोठ्या शहरात मशीन आहे, ते सगळं आपोआप करतं. मला वामनरावांचा तक्ता आठवला. म्हटलं, एवढे दिवस यांना किती ते कळत होतं. आता मशीन आणलंय. आता कोण तेही कळायला लागलं.

पण मास्तर? मास्तर मला आदल्याच दिवशी इतवाऱ्यात वांगी निवडताना दिसले होते. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, मोठ्या कंपनीचं मशीन पहिल्याच नंबराला तोंडावर आपटलं. मास्तरांना हाताला धरून आणतो आणि साहेबाच्या टेबलापुढं उभं करतो. ताडताड निघालो.

मास्तरांच्या दारात तिरडी बांधत होते.

सकाळी आंघोळीला बसले आणि तिथंच कलंडले, त्यांचा थोरला सांगत होता. मडक्यात गोवरी धुमसत होती. थोरल्यानं मला पाहिलं आणि विचारलं, "नारूभाऊ, तुम्हाला इतक्या लवकर कोणी सांगितलं?"

कार्ड माझ्या खिशात होतं. पार्सल तिकडून निघाल्याचा शिक्का आठ दिवसांपूर्वीचा होता, मी हापिसात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मास्तर वांगी निवडत होते तेव्हा त्यांचा कोपरा कापून आठवडा झाला होता.

मी खांदा दिला. हात धुतले. पण खिशातलं कार्ड काही धुता येईना.

दुसऱ्या दिवशीचा पहिला नंबर चव्वेचाळीस. तोताराम महाजन, तापीकाठी केळीचा मळा. माझ्याच वयाचा, बैलासारखा माणूस. भर दुपारी मी त्याच्या केळीत शिरलो. तुम्ही भरल्या केळीत शिरला आहात कधी? बाहेर आग ओतत असते आणि आत हिरवा अंधार. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. वारा नसला तरी पानं एकमेकांना घासतात आणि मागून कोणीतरी धोतर सावरत चाललंय असं वाटतं. मी हाक मारली, "तोतारामभाऊ." काही नाही. परत मारली. पानांनीच काहीतरी उत्तर दिल्यासारखं केलं. मी थांबलो की तो आवाज थांबायचा. चाललो की चालायचा.

आणि एका वळणावर तोताराम दिसला. पाटाच्या कडेला उताणा, हात पसरलेले, तोंडावर पंचा, पायाला माशी बसलेली आणि पाय हलत नाही.

मी त्याच्या उशाशी बसलो. म्हटलं, आलोच आपण वेळेवर, निदान तोंडात पाणी तरी पडू दे. पाटातलं पाणी ओंजळीत घेतलं, पंचा बाजूला केला, रामाचं नाव घेतलं आणि ओंजळ त्याच्या उघड्या तोंडात रिकामी केली.

तोताराम ठसकत उठून बसला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. जेवून झोपला होता बिचारा. श्वास परत आल्यावर म्हणाला, "काय करून राह्यला भो? झोपेत मारतं का मले?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बसलो का? त्याच्या गळ्यात पडलो आणि विचारलं, घरी काही निरोप द्यायचा का. तो म्हणाला कसला निरोप. मी कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.

तोतारामला एक अक्षर येत नव्हतं. कार्ड त्यानं उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि मग त्याचा अंगठा त्या कापलेल्या जागी गेला. मास्तरांचं त्याच्या कानावर आलेलं होतं. त्यानं हळूच विचारलं, "मास्तरचं पण असंच होतं?"

मी मान हलवली. कार्ड माझ्याकडे देऊन तो परत आडवा झाला. या वेळी आपणहून.

संध्याकाळी त्याला हीव भरलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं की मोठ्या कंपनीनं लोकांचे कोपरे कापून पाठवलेत आणि नारू शिपाई ते घरोघर पोचवतो. मग काय विचारता? मी भर उन्हात सिंधीपुऱ्याच्या गल्लीत शिरलो की पुढं दारं लागायची. एक, मग दुसरं, मग तिसरं, माझ्या चालीनं. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, फक्त कड्या लागण्याचा आवाज माझ्यापुढं पुढं चाललेला. फटींतून डोळे दिसायचे. मी पाठ वळवली की मागं पाणी शिंपडल्याचा आवाज यायचा. हलवायानं दुकानातून न उतरता लांब काठीला बांधून मावा जिलेबीचा द्रोण माझ्याकडे सरकवला आणि हात जोडले. जिलेबी मी खाल्ली. भीती आपल्या जागी, जिलेबी आपल्या जागी.

तुम्ही म्हणाल, नारू, अरे बाकीचे जिवंत होते ना? होते. पण आज होते. मास्तरही होतेच की आदल्या दिवशी.

असं करत मी कार्डं संपवत आलो. पाचव्या दिवशी दुपारी एका मशिदीच्या भिंतीच्या सावलीला बसून पुढचं कार्ड काढलं आणि नंबर वाचला. एकशे बारा.

परत वाचला.

एकशे बारा माझा नंबर. वामनरावांनी जबरदस्तीनं माझाही विमा उतरवला होता. म्हणाले होते, लोकांना सांगतोस तर स्वतः नको का घ्यायला? मी कार्ड डोळ्यांपुढं धरलं. त्या भोकांतून समोरची गल्ली दिसत होती, तुकड्या तुकड्यांची. त्यात एक म्हातारी उभी होती. कार्ड खाली केलं तर गल्ली रिकामी. आजही कळलेलं नाही ती कुठं गेली ते.

उठून घरी आलो. वाटेत शेजारच्या रामचंदरचं दार लागलं. त्याच्या मोरीचं पाणी माझ्या अंगणातून काढू द्यायचं नाही म्हणून मी त्याच्याशी सहा वर्षं भांडत होतो. त्याला बोलावलं आणि म्हटलं, काढ बाबा तुझं पाणी. पंच बोलावून त्यांच्यापुढं सांगितलं. मग घरात गेलो आणि सरूला म्हटलं, वरण छान झालंय. तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"अहो, ताप आहे का तुम्हाला?" एवढंच म्हणाली. लग्नापासून मी वरणाबद्दल काही बोललो नव्हतो.

तिचं तोंड बघून माझ्या डोक्यात एक विचार आला. कार्डामुळं मरण असेल, तर कार्ड नसलं म्हणजे? मशीनला माझं कार्ड सापडलंच नाही तर ते मला काय बोलावणार? मरायला हरकत नव्हती हो, पण तिला एकटं टाकून? तिला बाजारातून भाजीसुद्धा नीट आणता येत नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

तडक राजघाटावर गेलो. उन्हानं घाट तापलेला, चिटपाखरू नाही, तापी खाली खडकांतून मुकाट चाललेली. मी कार्ड पाण्यात सोडलं. ते थोडं पुढं गेलं, थांबलं, गोल फिरलं, आणि सरळ माझ्या पायाशी परत आलं. कापलेली बाजू माझ्याकडे. परत लोटलं. परत आलं. तिसऱ्यांदा मी गठ्ठ्याचा दोरा सोडला, कार्डाला धोंडा बांधला आणि खोल जागा बघून टाकलं. ते बुडालं. त्या जागी बराच वेळ बुडबुडे येत राहिले, जसं काही खाली कोणीतरी सावकाश बोलत होतं.

रात्री मात्र गाढ झोपलो. सकाळी उठलो. जिवंत.

त्याच दिवशी साहेबानं गठ्ठा परत मागितला. मास्तरांचं कार्ड मी वेगळं काढून दिलं, ते गेले म्हणून सांगितलं. त्यानं ते बाजूला टाकलं. आता मला राहवेना. म्हटलं, साहेब, एवढ्या जिवंत माणसांचे कोपरे आधीच का कापले?

सक्सेनानं पहिल्यांदा मान वर केली. मग हसला. गठ्ठ्यातलं एक कार्ड उलटं करून परत आत घातलं आणि मला दाखवलं. सगळ्या कापलेल्या कोपऱ्यांत एकच अख्खा कोपरा बाहेर आलेला. "देखो, उल्टा लग गया तो तुरंत दिखता है. बस, इसलिए काटते हैं. ये सब जिंदा लोग हैं भाई. जो गुज़र जाता है, उसका कार्ड निकाल देते हैं. कार्ड नहीं, तो मशीन के लिए आदमी नहीं."

ऐकलंत? कार्ड आहे तो जिवंत. कार्ड नाही तो गेला.

आणि माझं कार्ड धोंड्याला बांधून तापीच्या तळाशी.

साहेब कार्डं मोजायला लागला. मी पंख्याकडे बघत उभा राहिलो. मोजून झाल्यावर म्हणाला, "अट्ठावन. साठ भेजे थे. तो दो गुज़रे?"

तेव्हा खरं सांगायचं होतं. पण काय सांगू? सरकारी कार्ड मरणाच्या भीतीनं नदीत बुडवलं? आधीच अडाणी म्हणतात. नोकरी कच्ची. मी म्हणालो, "हो साहेब. दोन."

त्यानं दोन लिहिलं. दुसरा कोण, विचारलंसुद्धा नाही. वामनरावांनी पहिलं विचारलं असतं कोण, आणि मग दोन दिवस जेवले नसते. मोठ्या कंपनीला आकडा जुळला की झालं.

तोतारामकडे जाऊन मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याचा ताप तासाभरात उतरला आणि त्यानं मला मळ्याच्या कडेपर्यंत काठी घेऊन पोचवलं. रामचंदरच्या पाण्याचं मात्र काही करता आलं नाही. पंचांसमोर बोललो होतो. ते अजून माझ्या अंगणातून वाहतंय.

चार महिने गेले. मी विसरलो होतो. एक दिवस साहेबानं एक लांब लिफाफा माझ्यापुढं सरकवला. कुठल्या तरी विमेदाराची विधवा आहे, तिला हे देऊन ये, मयताची घरी जाऊन खात्री कर, आणि रिपोर्ट लिहून आण. लिफाफ्यावर इंग्रजी. कोपऱ्यात नंबर.

एकशे बारा.

साहेब, हा मी आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्याची मान खाली होती. मी लिफाफा घेतला आणि माझ्याच मरणाचं पत्र घेऊन, भर दुपारी, माझ्याच घराकडे निघालो. काय सांगू कसं वाटतं ते. ओळखीच्या माणसानं वाटेत रामराम केला तर मी दोनदा मागं वळून बघितलं, तो मलाच करतोय का म्हणून.

दारात सरू होती. त्या दिवशी मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. लिफाफा हातात घेतला, आपल्या रीतीप्रमाणे आधी त्याचा कोपरा फाडला, मग चुलीत घातला. म्हणाली, "हात धुवा. ताट वाढते." आणि ताटात एकच भाकरी टाकून म्हणाली, "मेलेल्या माणसाला दुसरी लागते का?"

जेवून हापिसात गेलो आणि माझ्या अर्ध्या चौथीच्या अक्षरात रिपोर्ट लिहिला. शब्दन् शब्द आठवतो. "घरी जाऊन चौकशी केली. बाईस पत्र पोचले. मयत इसम घरीच होता. जेवत होता. दुसरी भाकरी मागितली, मिळाली नाही."

सक्सेनाला माझं मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं खाली 'खात्री झाली' असा शिक्का मारला, सही केली आणि फाईल बंद करून माझ्याच हातात दिली.

"गुज़रे हुए लोगों की अलमारी में रख दो," म्हणाला.

मी ठेवली. बरीच मागं, मास्तरांच्या शेजारी.